थायरॉईडचे डोळे आणि धण्याचं पाणी

कुटुंबाच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक संदेश सारखा फिरतोय. वर लाल, सुजलेल्या, बाहेर आल्यासारख्या डोळ्यांचा फोटो. खाली मजकूर: ‘थायरॉईडमुळे डोळे सुजलेत? घाबरू नका. थायरॉईड नॉर्मल आलं की डोळे आपोआप आत बसतात. तोवर रोज धण्याचं पाणी प्या, कोबी-फ्लॉवर बंद करा, डोळ्यांत मधाचा थेंब घाला, त्राटक करा. स्टिरॉईड घेऊ नका, डोळे जातील. सहा महिन्यांत शंभर टक्के फरक.’

यातलं सगळ्यात घातक वाक्य पहिलंच आहे, कारण ते पटतं.

गळ्यातली ग्रंथी बिघडली म्हणून डोळे बिघडले, तेव्हा ग्रंथी सुधारली की डोळे सुधारणार, असा तो हिशोब. प्रत्यक्षात ग्रंथी आणि डोळे ही एकाच हल्ल्याची दोन ठिकाणं आहेत. ग्रेव्ह्ज आजारात, म्हणजे थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते त्या आजारात, शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथीच्या पेशींवरच्या एका ग्राहीविरुद्ध (रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारा भाग) प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करते. तीच ग्राही डोळ्यामागच्या पेशींवरही असते. तिथल्या पेशी चेतवल्या गेल्या की पाणी धरून ठेवणारा हायल्युरॉनिक आम्ल नावाचा पदार्थ साठतो, चरबी वाढते, डोळा फिरवणारे स्नायू जाड होतात. खोबणीला मागून आणि बाजूंनी हाड. वाढलेलं सगळं जाणार कुठे? डोळा पुढे ढकलला जातो, पापण्या फुगतात, डोळा फिरवला की आतून ठणकतं. म्हणून टीएसएच या थायरॉईडच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सुरेख असतानाही डोळे बिघडत राहू शकतात. काहींचं तर थायरॉईड वाढलेलंच नसतं, नॉर्मल किंवा कमी असतं, तरी डोळ्यांना हा आजार होतो.

पण याचा अर्थ गोळ्या सोडा असा कुणी काढू नये. थायरॉईड वाढलेलं राहिलं तरी डोळे चिघळतात आणि औषधाच्या जास्त मात्रेने फार खाली गेलं तरीही. ते स्थिर ठेवावंच लागतं, फक्त तेवढ्याने भागत नाही. ग्रंथीसाठी रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीनचा उपचार) सुचवलं असेल तर डोळ्यांचा त्रास आधी सांगा. त्या उपचाराने काहींच्या डोळ्यांचा त्रास वाढतो, आणि तो धोका कमी करायला सोबत स्टिरॉईड देता येतं.

आता ‘सहा महिन्यांत शंभर टक्के फरक’. इथे संदेश लिहिणाऱ्याला आजारच मदत करतो. 1945 साली रंडल आणि विल्सन या दोघांनी या आजाराची चाल मांडली, आणि ती साधारण तशीच मानली जाते. आधी सूज, लाली आणि वेदना चढत जातात, मग पठार येतं आणि साधारण सहा महिने ते दोन वर्षांत जळजळ आपसूक ओसरते. त्या उताराला जे काही चालू असेल, धण्याचं पाणी म्हणा, अंगारा म्हणा, त्याला श्रेय जातं. ‘माझ्या मावशीला फरक पडला’ हे खोटं नसतं, पण तो कशाने पडला ते मावशीला कळायला मार्ग नसतो. शिवाय जळजळ गेली तरी पुढे आलेला डोळा, वर ओढलेली पापणी, एकाचं दोन दिसणं हे पुष्कळदा मागे राहतं, कारण तोवर स्नायूंमध्ये व्रण धरलेला असतो. सूज उतरवणाऱ्या औषधांचा उपयोग जळजळ चालू असताना होतो, आणि नेमका तोच काळ हा संदेश वाट बघण्यात घालवायला सांगतो.

धणे आणि कोबी यांवर फार शाई नको. धण्याचं पाणी आवडत असेल तर प्या. शिजवलेल्या कोबीने डोळे पुढे येत नाहीत. पूरक गोळ्यांपैकी सेलेनियम या खनिजाला थोडा आधार आहे: 2011 च्या युरोपातल्या एका अभ्यासात सौम्य आजारात सहा महिने ते दिल्यावर फायदा दिसला. पण अभ्यास जिथे झाला तिथे आहारात सेलेनियम कमीच असतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मध आणि त्राटक यांकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. या आजारात पुष्कळदा पापण्या पूर्ण मिटत नाहीत, झोपेतही फट राहते, बुबुळ कोरडं पडून ओरखडतं. अशा डोळ्यात स्वयंपाकघरातला मध घालणं म्हणजे जंतुसंसर्गाला दार उघडणं. आणि ज्या डोळ्याला उघडीप सोसत नाही, त्याला पापणी न लववता ज्योतीकडे बघायला सांगायचं! लाली घालवणारे मेडिकलमधले थेंबही टाळा, परिणाम उतरला की लाली दुप्पट वाटते.

आराम देणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. दिवसभर कृत्रिम अश्रूंचे थेंब, वारंवार घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले. रात्री जेल किंवा मलम, आणि पापणी उघडी राहत असेल तर डॉक्टरांकडून शिकून घेऊन चिकटपट्टी. आडवं झाल्यावर डोळ्याभोवती पाणी साठतं, म्हणून सकाळी सूज जास्त असते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, नुसत्या दोन उशांनी मानच वाकते. बंद पापण्यांवर गार घडी. बाहेर कडेने झाकणारा गॉगल, पंख्याचा झोत तोंडावर नको. दोन दिसत असेल तर एक डोळा झाकून किंवा चष्म्याला प्रिझम लावून निभावतं, मात्र गाडी चालवू नका. ‘डोळे वटारून काय बघतेस’ असं ऐकवणाऱ्या नातेवाइकांवर अजून थेंब निघालेले नाहीत.

स्टिरॉईडची भीती हवेतून आलेली नाही. स्टिरॉईडचे थेंब मनाने महिनोन् महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. पण या आजारात मध्यम ते तीव्र जळजळ असेल तर मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉईड शिरेतून, आठवड्यातून एकदा, बारा आठवडे देतात. नेहमीच्या पद्धतीत एकूण 4.5 ग्रॅम. त्यात साखर, रक्तदाब आणि यकृत तपासत राहावं लागतं. डोळे जाण्याची खरी भीती उपचार न केल्याने असते: फुगलेले स्नायू मागे दृष्टीच्या नसेला दाबतात. एकेक डोळा झाकून लाल रंगाच्या वस्तूकडे बघा. एका डोळ्याला लाल फिका, मळकट दिसला, नजर अंधुक झाली, किंवा बुबुळावर पांढरा डाग आणि असह्य दुखणं असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

या लांबलचक संदेशात विडी-सिगारेटचा उल्लेखही नाही. धूम्रपानाने हा आजार होण्याची शक्यता वाढते, झाला तर तीव्र होतो आणि औषधं कमी लागू पडतात. घरात दुसऱ्याने ओढलेली विडीही टाळायला हवी. रुग्णाच्या स्वतःच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

शस्त्रक्रियेबद्दलही त्यात काही नाही. ती बहुतेकदा थायरॉईड आणि डोळे साधारण सहा महिने शांत राहिल्यावर, ठरलेल्या क्रमाने करतात: आधी खोबणीतली जागा वाढवायची, मग तिरळेपणा, शेवटी पापण्या. नस दाबली जात असेल आणि औषधाने भागत नसेल, तर मात्र थांबत नाहीत.