कदंबांची राजधानी रस्त्यावरून दिसायला हवी

पणजीहून मडगावला जाताना गोवा वेल्हा कधी आलं आणि कधी मागे पडलं, हे आता कळतसुद्धा नाही. झुआरीचा नवा पूल होण्यापूर्वी निदान आगशीच्या आसपास गाड्यांची रांग लागायची आणि माणूस खिडकीबाहेर बघायचा. आपण बसतो ती बस कदंब, तिच्यावर चिन्ह एकेकाळी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजघराण्याच्या सिंहाचं, आणि ती धावते कदंबांच्याच राजधानीतून. बसमधल्या किती जणांना हे ठाऊक असेल? आगशीची वांगी आणि चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज) सगळ्यांना माहीत. शेजारच्या गोपकपट्टणाचं, म्हणजे गोवा वेल्ह्याला असलेल्या त्या राजधानीचं, नाव मात्र स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकापुरतं उरलंय.

अकराव्या शतकात पहिल्या जयकेशीने चांदरहून राजधानी इथे आणली ती झुआरीकाठच्या बंदरासाठी. त्याच्याच काळातला एक ताम्रपट मला फार मोलाचा वाटतो. अरबी वंशाचा एक अधिकारी राजाच्या पदरी होता. त्याने मशीद बांधली, आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवरचा कर लावून दिला गेला. गुजरात, केरळ, सिंहल (श्रीलंका) अशा ठिकाणची जहाजं इथे लागत होती. आपली नाणी ‘सप्तकोटीश्वराचा (कुलदैवत शंकराचा) वरप्रसाद लाभलेला’ म्हणून पाडणाऱ्या राजघराण्याचं हे बंदर. इतिहास म्हणून मुलांना सांगायचं ते हेच, नुसती राजांची यादी नव्हे.

पुढे चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजांचे हल्ले झाले, नदीत गाळ साचत गेला, आणि व्यापार मांडवीकाठी एळा इथे सरकला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी जिंकलं ते हेच एळा, आजचं जुनं गोवं. तिथल्या चर्चना १९८६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो रास्तच आहे. पण त्याआधीची राजधानी महामार्गावरच असूनही लोकांच्या नजरेआड आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी झुआरीच्या काठावरची जांभ्या चिऱ्यांची जुनी भिंत अभ्यासली आहे. भरती-ओहोटी ती रोज थोडी थोडी खाते. पिलारच्या टेकडीवर संग्रहालय आहे, तिथे कदंबकाळातल्या वस्तू आहेत. राजवीथी म्हणून ओळखली जाणारी चिऱ्यांची जुनी वाटही आहे. म्हणजे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त ते एका धाग्यात ओवणारा फलक रस्त्याकडेला हवा. धावत्या गाडीतून वाचता येईल एवढ्या अक्षरांचा, कोकणी आणि मराठी दोन्हींत.

आणि तो पुरातत्त्व खात्याच्या त्या निळ्या पाटीसारखा नको. स्मारकाला धक्का लावला तर शिक्षा काय, हे ती सांगते. स्मारक कशाचं, हे बहुतेक वेळा सांगतच नाही. उद्घाटन करणाऱ्यांची नावं मोठी आणि मजकूर बारीक, असा संगमरवरही नको.

फलक कसा असावा हे बघायला लांब जायची गरज नाही. याच सप्तकोटीश्वराच्या नार्व्याच्या देवळावर शके १५९० चा, म्हणजे १६६८ चा शिलालेख आहे. शेवटी ‘श्रीशिवराज्ञा देवालयस्य प्रारंभः’. कोणत्या दिवशी, कोणाच्या आज्ञेने, कशाला सुरुवात झाली, सगळं दोन-चार ओळींत. साडेतीनशे वर्षांनंतरही तो दगड आपलं काम चोख करतोय.

गोवा वेल्ह्याच्या फलकावर मी तीनच गोष्टी मागेन. हे कोणाचं बंदर होतं, इथे कोण कोण राहत होतं, आणि काठावरच्या भिंतीकडे जायची वाट कोणती. तिसरी सर्वांत महत्त्वाची. लोक तिथे जायला लागले, तर चिरे ढासळताना कोणाच्या तरी डोळ्यांना दिसतील, ओरड होईल, दुरुस्तीसाठी पैसे मागितले जातील.

गोवा वेल्हा किंवा आगशीचं कोणी हे वाचत असेल, तर येत्या ग्रामसभेत एवढा विषय मांडा. ठराव लिहायला मदत हवी असेल तर इथेच खाली कळवा. इतिहास शिकवणारे माझे बरेच मित्र या यादीत आहेत, त्यांनीही पुढे यावं.