‘नऊ वर्षं खुर्चीवर होता’ हा हिशोबच चुकीचा आहे

महापालिकेच्या मतदानाला, म्हणजे १५ जानेवारी २०२६ ला, आता थोडेच दिवस उरलेत आणि नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. उमेदवाराचं नाव बदलतं, प्रभाग बदलतो, मजकूर तोच राहतो: ‘तुमचा नगरसेवक नऊ वर्षं खुर्चीवर होता. तो प्रभागातला नाही. शिकलेला नाही. कोट्यवधींचा निधी खाल्ला. आता परत तेच आश्वासनांचं पत्रक घेऊन आलाय. घरी बसवा.’

जुन्या नगरसेवकाला घरी बसवायचं की परत महासभेत, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत, पाठवायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा राग मेसेजमधल्या चुकांवर आहे. आरोप चुकीचा निघाला की उमेदवार तेवढाच खोडून काढतो आणि त्याला खरोखर अडचणीत आणणारा प्रश्न विचारायचा राहून जातो.

आधी ती नऊ वर्षं. मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. १२२ जागा होत्या, त्यातल्या ६६ भाजपने जिंकल्या, शिवसेना ३५ वर राहिली. राज्यघटनेने महापालिकेला पाचच वर्षं दिली आहेत, त्यामुळे मार्च २०२२ मध्ये त्या सगळ्यांची मुदत संपली. पुढे ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि निवडणूक लांबतच गेली. या काळात महासभा आणि खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे होते. म्हणजे जवळपास चार वर्षं नाशिकमध्ये एकही नगरसेवक नव्हता. महापौरही नव्हता. या चार वर्षांत तुमच्या गल्लीतला रस्ता खोदून तसाच सोडला असेल, तर माजी नगरसेवक महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, जाऊन निवेदन देऊ शकत होता, एवढंच. ठराव मांडणं किंवा मत देणं त्याच्या हातात नव्हतं.

मग ही चार वर्षं त्याच्या खात्यात टाकल्याने काय होतं? प्रशासनाला कुणी जाब विचारत नाही. आणि नगरसेवक ‘आमच्या हातात काहीच नव्हतं’ असं सांगून २०१७ ते २०२२ या काळाचंही उत्तर टाळतो. मला हे जास्त खटकतं, कारण त्या पाच वर्षांबद्दल विचारण्यासारखं पुष्कळ आहे. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम एक किलोमीटरचा स्मार्ट रोड रखडत राहिला, तेव्हा तुमच्या नगरसेवकाने महासभेत काय विचारलं? २०१८ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्या काळातली करवाढ पेटली. सत्ताधाऱ्यांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव आणायचं ठरवलं आणि मुख्यमंत्र्यांच्या सूचनेनंतर तो मागे घेतला. या सगळ्यात तुमचा नगरसेवक कुठे उभा होता? तो १६ जणांच्या स्थायी समितीवर होता का? असेल, तर मोठमोठे ठेके त्याच्यासमोरून मंजूर झालेत. महासभेचं आणि स्थायी समितीचं इतिवृत्त लिहिलं जातं. कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं, ते त्यात सापडतं.

निधीचा आरोप सगळ्यात जास्त टाळ्या घेतो, आणि त्यात अर्धं सत्य आहे. नगरसेवक निधी म्हणून कुणाच्या हातात रोकड येत नाही. नगरसेवक काम सुचवतो. बांधकाम विभाग अंदाजपत्रक करतो, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि मग ठेकेदाराचं बिल निघतं. टक्केवारी, म्हणजे बिलातलं कमिशन, चालते हे शहरात कुणालाही नवं नाही, पण ती चालते ती याच साखळीत, आणि त्यात सही अधिकाऱ्याची असते. म्हणून ‘निधी खाल्ला’ असं मोघम लिहिण्यापेक्षा एक काम निवडा. समजा तुमच्या कॉलनीतले पेव्हर ब्लॉक. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्याचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिका मागा, आणि टेप घेऊन प्रत्यक्ष मोजा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, त्यामुळे या मतदानाआधी ते हाती येणार नाही. पण निवडून येईल त्याला पहिल्याच वर्षी ते पुढे ठेवता येईल.

‘प्रभागातला नाही’ हा मुद्दा थोडक्यात. महापालिकेच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस शहरातल्या कुठल्याही प्रभागातून उभा राहू शकतो. त्यात आरक्षणाची सोडत निघते, निम्म्या जागा महिलांच्या, त्यामुळे कित्येकांची जुनी जागाच उरत नाही. सिडकोतला माणूस पंचवटीत उभा राहिला तर गैर काही नाही. प्रभाग त्याला किती माहीत आहे, ते मात्र जरूर तपासा.

शिक्षणाची अट कायद्यात नाही, आणि नसावी असंच माझं मत आहे. सातपूरच्या कामगार वस्तीतली बाई नळाचं पाणी किती वाजता येतं हे कुठल्याही पदवीधरापेक्षा नेमकं सांगेल. उमेदवाराची पार्श्वभूमी बघायची तर कायदा ज्यावर अपात्र ठरवतो ते बघा: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य, महापालिकेच्या ठेक्यात हिस्सा, स्वतःचं अनधिकृत बांधकाम. आणि त्याचं शपथपत्र वाचा. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सगळं त्यात असतं. परत उभा राहिलेल्याची तर दोन शपथपत्रं आहेत, २०१७ चं आणि आत्ताचं. ती शेजारी ठेवून वाचली की मेसेजची गरजच पडत नाही.

राहिलं पत्रक. ‘तेच ते, वाचूच नका’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. वाचा, आणि प्रत्येक आश्वासनापुढे लिहा की हे काम नक्की कुणाचं. सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं मी करून आणीन, असं अनेक जण सांगतायत. कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि त्यासाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमलंय. नगरसेवकाच्या सहीने तिथलं काम हलत नाही. पण तपोवनातली झाडं साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तोडायला निघाले तेव्हा केवढा विरोध झाला ते आपण पाहिलंय. महासभेत त्याबद्दल बोलणं, अंदाजपत्रकात सांडपाण्यासाठी पैसे मागणं, घंटागाडी रोज येते का यावर बारीक लक्ष ठेवणं, हे त्याच्या अखत्यारीत नक्की आहे. दारात आलेल्या उमेदवाराला विचारा: पहिल्या अंदाजपत्रकात आपल्या प्रभागासाठी कुठल्या तीन कामांचे पैसे मागणार, आणि त्यासाठी कुठलं काम मागे ठेवणार?