फायबर म्हणजे एकट्याची लाइन? त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा बघू

परवा मेव्हण्याने एक फॉरवर्ड पाठवला, तुमच्याकडेही आला असेल कारण बराच फिरतोय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की केबलचं नेट सगळ्यांत वाटलेलं असतं आणि फायबरची लाइन थेट तुमच्या एकट्याची. फायबरमध्ये डेटा प्रकाशाच्या वेगाने धावतो म्हणून ते फास्ट. केबल जुनी झाली, तिचा स्पीड आता वाढणं शक्य नाही. संध्याकाळी नेट स्लो होतं कारण कंपनी मुद्दाम स्पीड कापते. आणि एवढं करूनही स्लो वाटलं तर मोठा प्लॅन घ्या. पाचही वाक्यं अगदी ठासून, खाली हात जोडलेले इमोजी.

आधीच सांगून टाकतो, मी फायबरच्या विरोधात नाहीये, दोन्ही मिळत असतील तर फायबरच घ्या असं मीही सांगेन. पण कारणं ही नव्हेत, आणि चुकीच्या कारणाने घेतलं की मग फायबर लावूनही मीटिंग अडकते तेव्हा माणूस चक्रावून जातो.

एकट्याची लाइन, हा पहिला मुद्दा आणि सगळ्यात जास्त पसरलेला. घरोघरी जे फायबर येतं त्यात बहुतेक ठिकाणी मधे स्प्लिटर असतो. म्हणजे कंपनीच्या मशीनमधून एक फायबर निघतं, वाटेत कुठल्यातरी डब्यात हा स्प्लिटर बसवलेला असतो, त्याला वीजबीज काही लागत नाही, तो नुसता प्रकाशाचे ३२ किंवा ६४ वाटे करतो आणि तिथून एकेक तार एकेका घरात जाते. तेवढा शेवटचा तुकडा तुमचा एकट्याचा, हे खरं. त्याच्या मागचं सगळं सामायिक. गंमत म्हणजे येणारा डेटा सगळ्याच्या सगळ्या ३२ घरांत जातो! शेजारी जो सिनेमा बघतोय त्याचा प्रकाश तुमच्या भिंतीवरच्या डब्यापर्यंतही पोचत असतो, फक्त तो एन्क्रिप्ट केलेला असतो आणि तुमचा डबा आपल्या नावाचं तेवढं उचलून बाकीचं सोडून देतो. आणि डेटा पाठवताना तर चक्क नंबर लावावा लागतो, पलीकडची मशीन प्रत्येक डब्याला सांगत राहते की आता तू बोल, आता तू थांब, कारण दोघं एकदम बोलले तर प्रकाश एकमेकांत मिसळून कुणाचंच काही कळणार नाही.

आता हिशोब करू. जीपॉन नावाचं जे फायबर खूप ठिकाणी आहे त्यात येताना साधारण २.५ गिगाबिट आणि जाताना १.२५ गिगाबिट, सगळ्यांचं मिळून. ३२ घरांना ३०० एमबीपीएसचे प्लॅन विकले तर विकले ९.६ गिगाबिट आणि हातात आहेत अडीच. लगेच फसवणूक म्हणून ओरडू नका, थांबा. बत्तीसच्या बत्तीस घरांत एकाच वेळी फोर-के सिनेमा लागला असं धरा, नेटफ्लिक्स फोर-केला १५ एमबीपीएस सांगतं, आपण सढळ हाताने २० धरू, तरी झाले ६४० एमबीपीएस. पाइपचा जेमतेम चौथा हिस्सा. म्हणून हे गणित चालतं, सगळे एकदम शंभर टक्के वापरत नाहीत यावरच इंटरनेटचा धंदा उभा आहे.

केबलमध्येही हेच आहे, फक्त स्प्लिटरच्या जागी नोड, म्हणजे वस्तीतला कंपनीचा वाटपाचा डबा. नोडपर्यंत त्यांचंही फायबरच असतं, पुढे कोअॅक्स, म्हणजे केबल टीव्हीची तांब्याची तार, आणि एका नोडवर काहीशे घरं. तेव्हा प्रश्न शेअर्ड आहे की नाही हा नाहीच, किती जण किती जाडीचा पाइप वाटून घेतायत हा आहे. अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने, घरांमध्ये मोजणीचे डबे बसवून हे तपासलंय, संध्याकाळी ७ ते ११ या ऐन गर्दीच्या वेळी. २०११ च्या पहिल्या अहवालात जाहिरातीतल्या स्पीडच्या तुलनेत केबल सरासरी ९३ टक्के देत होती, २०१३ च्या अहवालात ९९ टक्के. फायबर ११५ टक्के, म्हणजे सांगितल्यापेक्षा जास्त. जुन्या फोनच्या तारेवरचं डीएसएल ८५. यात फायबर जिंकलं हे दिसतंच आहे, पण "शेअर्ड" म्हणून नावं ठेवलेली केबलसुद्धा कबूल केलेल्याच्या जवळपास सगळं देत होती की.

दुसरा मुद्दा, प्रकाशाच्या वेगाचा, एका परिच्छेदात संपतो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे पोकळीतल्या वेगाच्या दोन तृतीयांश. चांगल्या कोअॅक्समध्ये सिग्नल ८० ते ८७ टक्के वेगाने जातो. म्हणजे नुसत्या धावण्याच्या शर्यतीत तांबं पुढे! १०० किलोमीटर जाऊन परत यायला फायबरमध्ये १ मिलिसेकंद लागतो, त्यात कसली आलीये कमीजास्त. फायबरवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, कमी येतो तो नंबर लावण्याच्या पद्धतीमुळे, केबल मोडेमला पाठवायची परवानगी साधारण दर २ मिलिसेकंदांनी वाटली जाते आणि विचारून उत्तर येईपर्यंत अशा दोनतीन फेऱ्या जातात, फायबरमध्ये हे चक्र बरंच बारीक असतं.

केबल संपली, तिचा स्पीड वाढणार नाही, यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं अपलोडबद्दल आहे. ही जाळी मुळात टीव्हीसाठी टाकलेली, सगळं येणारं, परत काही जायचंच नव्हतं. त्यामुळे अपलोडला खालच्या फ्रिक्वेन्सीची एक चिंचोळी पट्टी मिळाली, अमेरिकेत ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, युरोपात ६५ पर्यंत, आणि उरलेला हजारेक मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा हमरस्ता डाउनलोडला. त्यात भर म्हणजे नोडवरच्या प्रत्येक घरातला प्रत्येक ढिला कनेक्टर बाहेरचा आवाज आत घेतो आणि तो सगळा कचरा वर जाताना नोडपाशी एकत्र जमतो. एका घरातल्या गंजलेल्या कनेक्टरने आख्ख्या नोडचं अपलोड खराब होऊ शकतं. फायबर घ्यायचं खरं कारण हे आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच नाही!

पण वाढणारच नाही हे साफ खोटं. केबलचं डॉक्सिस हे स्टँडर्ड १९९७ पासून आहे, २००६ च्या ३.० मध्ये अनेक चॅनल एकत्र बांधायची सोय आली, २०१३ मध्ये ३.१ आलं, आणि आता ४.० मध्ये कागदावर १० गिगाबिट येताना आणि ६ जाताना. तंत्र तयार असतं, ते तुमच्या गल्लीत कधी उतरतं हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा समोर दुसरा कोण उभा राहिला यात असतं. एप्रिल २०१३ मध्ये गूगलने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गिगाबिट फायबर आणणार असं जाहीर केलं, त्याच दिवशी एटी अँड टी या फोन कंपनीनेही आम्हीही आणतो म्हणून सांगितलं, आणि पुढच्या वर्षी तिथल्या टाइम वॉर्नर केबलनेही आपले स्पीड ३०० एमबीपीएसपर्यंत नेण्याची घोषणा केली. तार तीच हां, कोअॅक्सच. एका नोडचे दोन नोड करणं, जास्त चॅनल बांधणं, हे सगळं आधीही करता येत होतं. आणि हे फायबरलाही लागू आहे, जिथे एकटंच फायबर आहे तिथे ६४ चा स्प्लिटर बदलायची घाई कुणाला? खरं तर फायबरवाल्याला ते सोपं असतं, दहा गिगाबिटचं एक्सजीएस-पॉन त्याच काचेतून वेगळ्या तरंगलांबीवर जातं, जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालतं, रस्ता खणावा लागत नाही.

आता मुद्दाम कापतात, हा सगळ्यांच्या आवडीचा. डेटाची मर्यादा संपल्यावर कापतात ते करारातच लिहिलेलं असतं, ते सोडा. कापलेला स्पीड ओळखायला सोपा असतो, दुपारी मोजा, रात्री मोजा, तोच आकडा, एकदम सपाट रेघ. गर्दी झालेली असली तर आकडा नाचतो, एकदा ८०, मग ३०, मग ५५, पिंगही उड्या मारतो. आणि गर्दीत तुमचा स्पीड प्रत्यक्षात कमी कोण करतं माहितीये? समोरचा सर्व्हर स्वतःच. वाटेत पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवलं की टीसीपी, म्हणजे डेटा पाठवायची दोन्ही टोकांची ठरलेली पद्धत, आपणहून हात आखडता घेतं, तशी सोय त्यात मुद्दाम घातलेली आहे. ती नव्हती तेव्हा काय व्हायचं? ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेत जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला स्पीड ३२ हजार बिट्सवरून सेकंदाला ४० बिट्सवर आला होता, कुणीही काहीही कापलेलं नसताना. तिथले नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांनी त्यावरच ही माघार घ्यायची युक्ती काढली.

तरी कंपन्यांना पूर्ण क्लीन चिट देत नाही. गर्दी कधीकधी तुमच्या गल्लीत नसतेच, दोन कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना जोडलेली असतात त्या सांध्यात असते. २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेत कॉमकास्ट या केबल कंपनीच्या गिऱ्हाइकांना नेटफ्लिक्स धड दिसत नव्हतं, बाकी नेट ठीक. भांडण होतं जोडणीचा पोर्ट वाढवायचे पैसे कोणी द्यायचे याचं. फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने पैसे द्यायचं कबूल केलं आणि स्पीड पटकन सुधारला. म्हणजे कापलं नाही कुणी, पण भरलेला सांधा भरलेलाच राहू दिला. स्पीडटेस्टला हे दिसत नाही, कारण तिचा सर्व्हर बरेचदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो, सांधा ओलांडायची वेळच येत नाही.

राहिला मोठा प्लॅन. माझ्या मीटिंगमध्ये मधूनच सगळ्यांचे आवाज रोबोटसारखे व्हायचे, मी प्लॅन वाढवला, काही फरक नाही. शेवटी पिंग चालू ठेवून बघत बसलो तर एरवी १४ मिलिसेकंद, आणि फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की ८०० च्या वर! मोडेममध्ये पाठवायच्या डेटाची रांग असते, ती १ मेगाबाइटची धरा आणि अपलोड १० एमबीपीएस, तर ८ मेगाबिट उपसायला ०.८ सेकंद, आणि तुमचा आवाज त्या रांगेत सगळ्यात मागे उभा. याला बफरब्लोट म्हणतात, जिम गेटिस या प्रोग्रॅमरना ते २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्याच कनेक्शनवर सापडलं. मोठ्या डाउनलोडच्या प्लॅनने ही रांग हलत नाही. राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, रांग लहान ठेवणारी सेटिंग असेल तर ती चालू करून अपलोड खऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर बांधा, माझा पिंग तेवढ्याने तिशीच्या आत आला.

आणि मेव्हणा. त्याने केबल काढून ३०० चं फायबर घेतलं आणि स्पीडटेस्टचा स्क्रीनशॉट पाठवला, ९४.१. केबलवर असतानाही ९४ च यायचे म्हणे, म्हणजे सगळ्या कंपन्या चोर. ९४ आकडा दिसला की मला कंपनी आठवत नाही, वायर आठवते. गिगाबिटला इथरनेटच्या आठही तारा लागतात, त्यातली एखादी तुटली तर बरेचदा दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात आणि त्यातून हातात ९४च्या आसपास पडतात. फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंतची ती हातभर वायर त्याने जुन्या मोडेमची काढून तशीच लावली होती. बदल म्हटलं. रात्री दुसरा स्क्रीनशॉट आला, ३०६, खाली तेच हात जोडलेले इमोजी.