बोर्ड दाखव, बोर्ड

फोनवर इंग्रजीत ‘बेळगाव’ लिहायला घेतलं की फोन आपल्या अकलेनं त्याचं ‘बेल्जियम’ करून टाकतो. हे दुखणं पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. २०१४ साली सरकारनं गावाचं ‘बेळगावी’ केलं, पण ती बातमी माझ्या फोनपर्यंत अजून पोचलेली नाही. जर्मनीतल्या विद्यापीठाला मी केलेल्या पहिल्याच अर्जात माझा जन्म बेल्जियममध्ये झाला होता, आणि तिथल्या बाईंनी ‘मग तुम्हाला व्हिसा कशाला हवा?’ असं अगदी सभ्यपणे विचारलं होतं.

शिकायला मिळालेलं गाव आखेन. म्हणजे पुन्हा सीमाभागच. एका अंगाला नेदरलँड्स, दुसऱ्या अंगाला बेल्जियम. सिटी बसमध्ये बसून परदेशात भाजी आणायला जाता येतं. बेळगावातलं आमचं शहापूर सोडून एवढ्या लांब आलो आणि इथंही हद्दीवरच खोली मिळाली. मग म्हटलं, एवढं जवळ आहे तर एकदा जाऊन बघावं, आपल्या नावावर कोण राहतंय ते. ऑक्टोबरातला एक शनिवार-रविवार मोकळा होता. बेत साधा होता. ब्रसेल्सला जायचं, एकट्यानं भटकायचं, कुणाशी बोलायचं नाही, फोन खिशात. चूक एकच झाली. आईला सांगितलं.

आईला सांगितलं की आज्जीला कळतं आणि आज्जीला कळलं की भिंतीपलीकडच्या काकांना. काका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली, पण ती आढ्यापर्यंत न्यायला सिमेंट पुरलं नाही, त्यामुळे आवाज अजून एकत्र कुटुंबातच आहेत. काकांनी १९८६च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठी खाल्लेली. पाऊस यायचा झाला की त्यांचा उजवा खांदा दुखतो, आणि बेळगावात पाऊस एकदा जूनला आला की ऑक्टोबरपर्यंत हलत नाही. म्हणजे सीमाप्रश्न वर्षातले पाच महिने त्यांच्या खांद्यातच मुक्कामाला असतो.

शनिवारी सकाळी गाडी आखेनहून सुटली आणि फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आज्जीचं कपाळ, त्यामागं आई, त्यामागं भिंतीवरनं डोकावणारं काकांचं डोकं.

“नाका आला काय रे?”

“नाका नाही काका. हद्द मघाशीच गेली.”

“गेली? मग कळतंय कसं?”

“फोनवर मेसेज येतो. बेल्जियममध्ये स्वागत असा.”

“कुठल्या भाषेत?”

पुढचे दोन दिवस कसे जाणार आहेत, हे मला त्या प्रश्नाला कळायला हवं होतं. तेवढ्यात हेर्गेनराथ नावाचं बारकं स्टेशन आलं, आणि मी हुशारी दाखवायला गेलो. म्हटलं, काका, इथं शेजारी केल्मिस म्हणून गाव आहे. तिथं जस्ताची खाण होती. १८१६ साली प्रशिया आणि नेदरलँड्स यांचं ती खाण कुणाची यावरनं जमेना, म्हणून तेवढा तुकडा दोघांपैकी एकाचाही नाही असं ठरवून टाकलं, आणि तो शंभर वर्षं तसाच राहिला.

काका भिंतीवरनं खाली पडता पडता वाचले. “म्हंजे केंद्रशासित! आमची मागणी तरी काय निराळी हाय? मग शेवटी कुणाला मिळालं?”

“बेल्जियमला.”

“खटला किती वर्षं चालला?”

“खटला नाही काका, पहिलं महायुद्ध झालं. १९१४ ते १८.”

काकांनी मनात बोटं मोजली. “चार वर्षं. बरं की मग. आमचं २००४ पासनं सुप्रीम कोर्टात हाय.”

लिएजला गाडी बदलली. तिथलं काचेचं स्टेशन बघून आई म्हणाली, विमानतळ बघ कसा आहे, नाहीतर आपलं सांबरा. मी दुरुस्ती केली नाही.

ब्रसेल्समध्ये माझं होस्टेल ‘झाउड’ स्टेशनाजवळ होतं. गाडी ‘मिदी’ स्टेशनावर थांबली. उतरलो, पाठीवर पिशवी टाकली आणि झाउड शोधायला निघालो. वीस मिनिटं चाललो. एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, त्यांनी मी आलो त्या दिशेला बोट केलं. उलटा वीस मिनिटं चाललो तर पुन्हा मिदी. मग एका टॅक्सीवाल्याला विचारलं. त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं बोगारवेशीत उभं राहून धर्मवीर संभाजी चौक कुठं विचारणाऱ्याकडं आपण बघतो. मिदी म्हणजे फ्रेंचमध्ये दक्षिण, झाउड म्हणजे डचमध्ये दक्षिण. स्टेशन एकच. वर पाटीवर दोन्ही नावं शेजारी शेजारी होती, मी पहिलं वाचून पुढं गेलो होतो.

हे काकांना सांगायला नको होतं.

“दोन्ही नावं? एकाच बोर्डावर? दाखव.”

मी कॅमेरा वर केला.

“वर कुठली हाय?”

“वर-खाली नाहीत काका, शेजारी आहेत.”

“पहिली कुठली?”

“इथं फ्रेंच.”

“आणि दुसऱ्या बोर्डावर? फिर की जरा. अक्षरं सारखी हायत काय लहान-मोठी? आमच्यात ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून नवीन नियम काढलाय. तिथं किती टक्के हाय?”

अशा रीतीनं मी ब्रसेल्स बघितलं. शहरातला जगप्रसिद्ध चौक ग्राँ-प्लास. १६९५ साली फ्रेंच तोफांनी तो जाळून टाकला आणि व्यापाऱ्यांच्या संघांनी काही वर्षांत सोन्याच्या नक्षीसकट परत उभा केला. चारी बाजूंनी असं काम की मान खाली घ्यावीशी वाटू नये. मी मान वर करून उभा होतो आणि खिशातनं आवाज येत होता, “ते सगळं ऱ्हाऊ दे, गल्लीच्या नावाची पाटी कुठं हाय?” दुपारपर्यंत काकांनी एकोणीस पाट्या तपासल्या. एका औषधाच्या दुकानावर फक्त फ्रेंच सापडलं, तेव्हा त्यांनी दुकानाचं नाव लिहून घेतलं. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मग तो सुप्रसिद्ध मुतणारा पोरगा. ब्राँझचा, जेमतेम दोन फुटांचा, आणि त्याच्यासमोर दीडशे माणसं कॅमेरे घेऊन. आज्जीला तो दाखवायचा की नाही यावर मी मनात बराच वाद घातला, पण कोपऱ्यावर वळलो आणि तो दिसलाच.

“अगं बाई. उघडाच की! एवढ्या थंडीत?”

“आज्जी, त्याला हजारावर कपडे आहेत. देशोदेशीच्या लोकांनी शिवून पाठवलेले. त्या कपड्यांसाठी वेगळं म्युझियम आहे.”

“मग घालीत का न्हाईत?”

मला उत्तर सुचलं नाही. आईचा मुद्दा वेगळा होता. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, ते दिवस आई विसरलेली नाही. ती पोराकडं बघतच नव्हती, खालच्या कुंडाकडं बघत होती. “हे पाणी जातंय कुठं?” मी फोनवर शोधलं. आधी खरंच गटारात जायचं. मीटर बसवला तेव्हा लक्षात आलं की रोज हजार लिटरच्या वर चांगलं पाणी वाया जातंय, आणि २०१९पासून तेच पाणी फिरवून वापरतात. आई म्हणाली, “१६१९चा पोरगा म्हणालास ना? चारशे वर्षं एकाच्याबी लक्षात आलं न्हाई?” मी म्हटलं, हा खरा पोरगा नव्हे, नक्कल आहे. अस्सल चोरीच्या भीतीनं आत ठेवलाय. त्यावर आज्जी म्हणाली, आत आहे ते बरं आहे, तिथं थंडी नसेल.

आता बटाट्याचं. बेल्जियमचे तळलेले बटाटे जगात प्रसिद्ध. दोनदा तळतात, एकदा मंद, एकदा कडक. टपरीवर रांग होती. माझा नंबर आला, टपरीतल्या बाईनं फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मी गप्प. तिनं डचमध्ये विचारलं. मी आणखी गप्प. मागची माणसं सरकली. आणि माझ्या तोंडातनं, माझी काही इच्छा नसताना, बाहेर पडलं, “गोत्तिल्ल!” म्हणजे ‘ठाऊक नाही’, तेही कन्नडमध्ये.

बेळगावच्या मराठी पोराच्या डोक्यात परक्या भाषेसाठी एकच खण असतो आणि त्यात कन्नड आधीच येऊन बसलेलं असतं. जर्मन शिकतानाही माझं हेच होतं, मास्तरांना मी एकदा ‘सर, साकु’, म्हणजे ‘सर, पुरे’, म्हणालो होतो. बाई गोंधळली. मी बोट दाखवून एक पुडा घेतला आणि पैसे देताना पुन्हा “एष्टु?” विचारलं. फोन चालू होता. फोनमध्ये शांतता पसरली.

“तू,” काका हळूच म्हणाले, “तिथं जाऊन कन्नड बोलतोयस?”

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. घरातल्या पोरानं दुसऱ्या पक्षात प्रवेश करावा आणि हार घातलेला फोटो पेपरात बघायला मिळावा, तसा होता.

या गडबडीत आईनं वेगळीच गोष्ट बघितली होती. “कशात तळलंय ते?” मी टपरीच्या काचेकडं बघितलं. आत पांढऱ्या चरबीचा डबा होता आणि डब्यावर बैलाचं चित्र. इथं बटाटे परंपरेनं गोवंशाच्या चरबीत तळतात, आणि ती त्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे. पुडा माझ्या हातात, गरम, वर मेयोनीजचा डोंगर.

“शेंगतेलात,” मी म्हणालो.

“घाण्याचं काय?” आज्जी.

“घाण्याचं.”

पुढं त्या बटाट्यांचं काय झालं ते लिहीत नाही, कारण हे आई वाचणार आहे.

रात्र होस्टेलमध्ये गेली. आठ माणसं, एक खिडकी, तीही उघडत नव्हती. रविवारी सकाळी वाफल खाल्ला. जाळीच्या खिडकीसारखा दिसतो, सहा युरो, आणि रुपयांत मोजल्यावर गोड लागायचा बंद होतो. आज्जी म्हणाली, यापेक्षा मांडे बरे. मांडे घरी तीच करते, तेव्हा मी मान डोलावली.

परतीच्या वाटेवर लवेनला उतरलो. हे विद्यापीठाचं जुनं गाव, डच भाषकांच्या हद्दीतलं. १९६८ साली इथं ‘फ्रेंचवाले बाहेर’ म्हणून आंदोलन पेटलं, त्यात देशाचं सरकार पडलं, आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच तुकड्यासाठी हद्दीपलीकडं माळावर नवंच गाव वसवलं. आणि सांगतात की ग्रंथालयाची वाटणी करताना विषम क्रमांकाची पुस्तकं एकाला दिली, सम क्रमांकाची दुसऱ्याला. म्हणजे ग्रंथाचा पहिला खंड इथं, दुसरा तिथं.

मला वाटलं काका हसतील. ते हसले नाहीत. बराच वेळ भिंतीच्या कडेवर हनुवटी टेकून गप्प बसले.

“आमच्यात पण तसंच केलंय की,” ते म्हणाले. “झाकण तुझ्या बापाकडं हाय, पातेलं माझ्याकडं.”

“मग न्या की झाकण!” आई मागनं ओरडली. “मी कवा नको म्हटलं?”

त्यावरनं तिकडं जे सुरू झालं ते ऐकत मी स्टेशनावर आलो. गाडी साडेपाचची, लिएजला जाणारी. तिथनं पुढं आखेन. मी बोर्डासमोर उभा राहिलो. लिएज कुठंच नाही. एक गाडी आली, ‘लुईक’ नावाच्या कुठल्याशा गावाला निघाली होती. माणसं चढली, दारं लागली, गाडी गेली. मी लिएजची वाट बघत उभा.

दहा मिनिटांनी काका झाकण विसरून फोनवर परत आले. “अजून हितंच?”

“लिएजची गाडीच नाही काका. सगळ्या लुईकच्याच.”

“बोर्ड दाखव.”

मी दाखवला. काकांनी चष्मा लावला.

“अरे खुळ्या! एल-यू-आय-के! काल त्या दक्षिणेच्या स्टेशनात मोठ्या बोर्डावर एकदा लिएज, एकदा लुईक असं आळीपाळीनं लागत होतं. मी काय उगीच बघत होतो काय? एकच गाव हाय ते. हितं डचवाल्यांचं राज्य, ते लिएज कशाला लिहितील? आपल्या गावाला किती नावं हायत? भांडण असलेल्या गावाला दोन नावं असणारच. आखेनचं पण बघ त्यांनी काय केलंय ते.”

केलं होतं. ‘आकेन’.

जलद गाडी गेली होती, म्हणून सगळ्या गावांना थांबणारी पकडली. बाहेर संध्याकाळ होत होती. ब्रसेल्समध्ये काढायचा राहिलेला वेळ मी आता खिडकीतनं काढत होतो. काकांनी फोन ठेवला नाही. त्यांना भाषेची हद्द ऐकायची होती. ती कायद्यानं १९६२-६३मध्ये आखली आहे, आणि गाडीतली घोषणा तिथं बदलते, असं मी त्यांना सांगून बसलो होतो. टीनेन गेलं. तिथं मोठा साखर कारखाना आहे, बीटाचा. लांडेन गेलं, घोषणा डच. मग थोडी शेतं, मग वारेम, आणि गाडीतली बाई फ्रेंच बोलायला लागली.

“बदलली!” काका ओरडले. “बदलली की! हद्दीवर काय हाय बघ बाहेर. पोलिस?”

“काही नाही काका. शेतं आहेत. बीटाचे ढीग घातलेत कडेला.”

“साखरेचं बीट? कुठल्या बाजूला?”

“दोन्ही बाजूंना.”

काकांचा ऊस निपाणीकडं आहे. शेत कर्नाटकात, सावली महाराष्ट्रात पडेल असं. ते पुढं सरकले, पडदाभर त्यांचा चष्मा झाला.

“आणि कारखाना?”

“तो मघाशी गेला. अलीकडं. डचवाल्यांच्या बाजूला.”

“हां,” काका म्हणाले. आणि मग, आवाज एकदम खाली आणून, “आणि काटा कुणाचा?”