87 आहे का?

माझ्या विमानाच्या इंजिनासोबत चिनी माहितीपत्रक आलं होतं. त्यातलं एकच वाक्य मला नीट कळलं, आणि तिथेच घात झाला. ‘87 किंवा त्यावरच्या ऑक्टेनचं पेट्रोल वापरा.’

विमान म्हणजे रिमोटचं. पंख सहा फुटांचे, इंजिन 30 सीसी, टू-स्ट्रोक. आधीचं छोटं इंजिन मिथेनॉलवर चालायचं. त्या इंधनाची किंमत घरात सांगताना मी कायम दोनने भागायचो. हा भागाकार नको झाला म्हणून पेट्रोलवर आलो.

पंपावर गेलो. “दादा, 87 आहे का?”

“पाचशेचं टाकू?” दादा म्हणाला.

दोन रात्री जागून शोध लागला, की अमेरिकेत पंपावर लिहितात तो आकडा दोन चाचण्यांची सरासरी असतो. आपण त्यातल्या एकीचाच, म्हणजे रिसर्चवाल्या चाचणीचा आकडा धरतो आणि तो मोठा येतो. तिथला 87 म्हणजे आपला साधारण 91. बीएस-6 या सरकारी मानकात साधं पेट्रोलच किमान 91चं होतं, आणि त्यात 20 टक्के इथेनॉल (ऊस-धान्यापासूनचं अल्कोहोल) मिसळायला लागल्यापासून 95चं. म्हणजे ज्याच्यासाठी मी सहा पंप फिरलो ते बायकोच्या अ‍ॅक्टिव्हात पहिल्यापासून होतं.

इथे थांबायला हवं होतं. पण आपण मार्कांवर वाढलेली माणसं. इंडियन ऑइलनं डिसेंबर 2020 मध्ये 100 ऑक्टेनचं पेट्रोल काढलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं होतं. पैकीच्या पैकी मिळत असताना 95 घेऊन घरी आलेला मुलगा आमच्या घराण्यात खपला नसता.

वास्तविक ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे धीर. लग्नातला बँडवाला आठवा. शेवटचं ‘सावधान’ होईपर्यंत हात आवरून धरतो तो जास्त ऑक्टेनचा. मधल्याच ‘सावधान’ला ढोल बडवतो तो कमी. इंजिनात असं अवेळी पेटलं की ठोके बसतात. पण हा धीर लागतो जास्त दाबाच्या इंजिनाला. माझ्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, साडेसात-आठच्या आसपास, म्हणजे अ‍ॅक्टिव्हाहूनही कमी. हे सगळं मी बायकोला अर्धा तास समजावून सांगितलं आणि मग 100वालंच आणायला निघालो. कारण विचाराल तर, त्यात इथेनॉल नसतं असं सगळे सांगतात, आणि इथेनॉलला आम्ही विमानवाले घाबरतो.

पंपावर बाटलीत देईनात. मग अ‍ॅक्टिव्हाच्या टाकीत भरायचं आणि घरी नळीनं काढायचं असं ठरलं. पण टाकीत आधीचं साधं पेट्रोल होतं, ते संपवणं आलं. रविवारी दुपारी मी सिंहगड रस्त्यावर विनाकारण फेऱ्या मारत होतो. गाडी अगदी हिशेबात बंद पडली. हिशेबात पंप मात्र दीड किलोमीटर अलीकडे धरला होता.

ढकलत पोचलो आणि लिटरला दीडशेच्या वर मोजून टाकी भरली. घरी आल्यावर खात्री करायची होती. मोजपात्रात 10 मिली पाणी, वर 90 मिली पेट्रोल, आणि हलवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालची रेघ वर चढते. तुलनेला शेजाऱ्याकडून साधं पेट्रोल आणलं होतं. 100वाल्याची रेघ हलली नाही. साध्याची 10वरून थेट पंचविशीच्या पुढे गेली. मी हरखून म्हणालो, “असं धुऊन घेतलं तरी चालेल की!” (चालत नाही. ऑक्टेन वाढवणारं इथेनॉलच असतं. ते काढलं की आकडाही उतरतो.)

नेमके तेव्हाच कराडहून सासरे आले. बारा एकर ऊस, कारखान्याचे जुने सभासद.

“काय चाललंय जावईबापू?”

“पेट्रोलमधलं इथेनॉल बघतोय.”

“आणि मग?”

“काढून टाकायचं.”

त्यांनी पात्रातल्या खालच्या थराकडे बराच वेळ बघितलं. “म्हणजे आमचा ऊस तेवढा नको तुमच्या इमानाला,” म्हणाले, आणि चहा न घेता टीव्ही लावून बसले.

पुढच्या रविवारी माळावर एका लिटरला 33 मिली ऑइल मोजून घातलं, चोक दिला, प्रॉपेलर फिरवला. इंजिन सुरू झालं. अर्ध्या थ्रॉटलला खर्र करून बंद. पाच वेळा तेच. तिथले एक जुने काका आले. माझं पेट्रोलपुराण त्यांनी ऐकलंच नाही. चार स्क्रू काढून कार्ब्युरेटरचं झाकण उघडलं. आतला नाण्याएवढा काळा डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, पापडासारखा कडक झाला होता.

“पावसाळाभर टाकीत पेट्रोल तसंच होतं ना?”

होतं. इंजिन घेतलं तेव्हा चाचणीला भरलेलं.

त्यांनी डब्यातला नवा डायफ्राम बसवला आणि माझ्या शंभर नंबरीकडे न बघता स्वतःच्या कॅनमधलं साधं पेट्रोल ओतलं. विमान दहा मिनिटं उडालं.

उरलेलं 100वालं अ‍ॅक्टिव्हातच राहिलं. संध्याकाळी बायको भाजी घेऊन आली ती खूश होती. “गाडीचं पिकअप काय सुधारलंय रे! आता हेच भरत जाऊ.”

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण आत सासरे बसले होते. मी भाजीची पिशवी घेतली आणि आत गेलो.