अचूक न लिहिता बिनचूक राहण्याची कला

समकालीन कला आणि सामाजिक शास्त्रे यांच्या सीमेवर उभे राहून विद्वान होण्याचे आपण ठरवलेच असेल, तर अभिनंदन करण्यापूर्वी एक भाबडी समजूत आपल्या मनातून काढून टाकणे अगत्याचे आहे. ज्याचे म्हणणे बरोबर असते तो विद्वान, असे आपल्याला वाटत असेल. व्यवहारात, ज्याचे म्हणणे चूक आहे हे कोणालाही दाखवता येत नाही तो विद्वान ठरतो. आणि या दोहोंमधले अंतर ज्याला उशिरा कळते, त्याचे प्राध्यापक होण्याचे वय तोवर उलटून गेलेले असते.

या बाबतीत सामाजिक शास्त्रांनी फार सोसले आहे, कारण त्यांना आकड्यांचा नाद लागला. आकडा हा मूळचा घरभेदी. तो एकदा छापून गेला की आज ना उद्या कोणीतरी तो पुन्हा मोजायला येतेच. 2015 साली सुमारे 270 संशोधकांनी मानसशास्त्रातले 100 प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांनी संख्याशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न मिळणारे, निष्कर्ष मिळाल्याचे जाहीर केले होते. फेरतपासणीत हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. मूळ संशोधक लबाड होते असे मुळीच नव्हे. माणसे थोडी घ्यायची, मोजायचे पुष्कळ, जुळेल तेवढेच सांगायचे आणि ‘लक्षणीय’ ठरण्यासाठी रूढ असलेल्या 0.05 या उंबरठ्याच्या आत कसेबसे पाऊल टाकायचे, एवढ्या सालस उपायांवरही पुष्कळ भागते. उघड लबाडी केली ती नेदरलँड्समधील डीडरिक स्टापेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने. लोकांना प्रश्न विचारण्याचा त्रास वाचवून त्याने उत्तरे स्वतःच लिहून काढली, 2011 मध्ये तो पकडला गेला आणि पुढे त्याचे 58 निबंध मागे घेण्यात आले. त्याची खरी चूक विषयाच्या निवडीत झाली, असे माझे मत आहे. हेच तक्ते त्याने चौकटीत बसवून एखाद्या कलादालनाच्या भिंतीवर टांगले असते, तर ‘कल्पिताधिष्ठित ज्ञाननिर्मिती’ म्हणून त्यांच्यावर परिसंवाद झाला असता आणि ती माणसे खरोखर अस्तित्वात होती का, असे विचारणाऱ्याला मागच्या रांगेत बसवले गेले असते.

म्हणून आपण कलेच्या बाजूने प्रवेश करावा. येथे सर्वांत मोठी सोय अशी की अभ्यासाची वस्तू समोर असण्याची गरज नसते. फ्रेंच कलाकार मार्सेल द्यूशाँ याने 1917 साली ‘आर. मट’ अशी सही करून एक मूत्रपात्र न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी पाठवले. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कलाकृती मांडली जाईल, असा त्या प्रदर्शनाचा नियम असूनही ते मांडले गेले नाही, आणि लवकरच ते हरवले. संग्रहालयांत आज जी मूत्रपात्रे दिसतात, त्यांतली बहुतेक 1964 साली करवून घेतलेल्या प्रतिकृती आहेत. मूळ वस्तू गहाळ झाल्याने तिच्यावरच्या लिखाणात तसूभरही खंड पडला नाही, उलट ते शतकभर वाढतच गेले. इटालियन कलाकार मौरित्सिओ कातेलान याचे भिंतीला चिकटपट्टीने लावलेले केळे तर 2019 पासून नासते, खाल्ले जाते, बदलले जाते; विकले जाते ते प्रमाणपत्र आणि केळे कसे लावावे याच्या सूचना. 2024 मध्ये या कागदपत्रांना लिलावात 62 लाख डॉलर मिळाले. ज्या क्षेत्रात वस्तूचा मालकही वस्तूवाचून समाधानी राहू शकतो, तेथे अभ्यासकाने ती पाहायला जाण्याचा अट्टहास का धरावा?

आता लेखनाकडे वळू, कारण सगळी मदार तेथेच आहे. समजा, एका कलाकाराने रिकाम्या खोलीत एक खुर्ची ठेवली आहे. आपण ‘रिकाम्या खोलीत एक खुर्ची आहे’ असे लिहिले, की संपलेच. कोणीही उठून खोलीत जाईल आणि तेथे खुर्च्या दोन आहेत असे सांगेल. त्याऐवजी असे लिहावे: ‘प्रस्तुत हस्तक्षेप अनुपस्थितीच्या अवकाशीयतेला आसनस्थतेच्या राजकारणाशी संवादी ठेवत, देहाच्या सत्तासंबंधांतील संभाव्य विस्थापनाकडे निर्देश करतो.’ या वाक्याला कोणत्या बाजूने हात घालणार? खुर्च्या दोन असोत, चार असोत, अथवा चोरीला गेलेल्या असोत, वाक्य जसेच्या तसे उभे राहते. क्रियापदे मात्र जपून निवडावीत. निबंधाने काहीही सिद्ध करू नये, दाखवू नये, सांगूही नये. त्याने प्रश्नांकित करावे, अस्थिर करावे, निर्देश करावा आणि अगदीच अंगाशी आले तर एखाद्या शक्यतेला अवकाश उपलब्ध करून द्यावा. निबंध पाठवण्यापूर्वी प्रत्येक वाक्यात एक ‘नाही’ घालून ते पुन्हा वाचावे. अर्थात काही फरक पडला नाही, तर निबंध तयार आहे असे समजावे.

क्षेत्रकार्याविषयी, म्हणजे लोकांत जाऊन करायच्या पाहणीविषयी, विशेष सांगण्यासारखे नाही. ते करावे, पण बेताने. माणसे बोलू लागली की सिद्धान्ताचा रसभंग होतो. इटलीतील बोल्झानो येथील संग्रहालयात 2015 साली सफाई कर्मचाऱ्यांनी शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या आणि सिगारेटची थोटके यांची एक मांडणी मेजवानीनंतरचा केर समजून पिशव्यांत भरून टाकली, आणि संग्रहालयाने ती त्याच पिशव्यांतून काढून पुन्हा मांडली. आपल्यासाठी ही पर्वणी आहे. श्रम, दृश्यता, अभिरुचीची वर्गीय घडण, सारे काही येथे आयते मिळते आणि अभिरुची आणि वर्ग यांवर लिहिणारे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यू यांना उद्धृत करण्यासाठी याहून योग्य जागा मिळणे कठीण. फक्त त्या कर्मचाऱ्यांना भेटू नये. भेटल्यास ते म्हणतील की केर दिसला म्हणून उचलला, आणि ते एक वाक्य आपल्या चाळीस पानांना पुरून उरेल.

आपल्या क्षेत्राची थट्टा करणारे दोन प्रसंग तुम्हाला वारंवार ऐकवले जातील, तेव्हा त्यांचे उत्तर आधीच तयार ठेवावे. 1996 साली भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल याने पुंजगुरुत्वाकर्षणावर (क्वांटम ग्रॅव्हिटी) मुद्दाम निरर्थक निबंध लिहून तो ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकात छापून आणला आणि दुसऱ्या नियतकालिकात आपली चाल उघड केली. 2018 मध्ये तिघांनी मिळून असे 20 निबंध रचले. त्यांतले सात स्वीकारले गेले आणि चार छापूनही आले. आता न्यायाने बोलायचे, तर निरर्थकाला थारा देण्याची मक्तेदारी एकट्या मानव्यविद्यांकडे नाही; 2014 मध्ये दोन मोठ्या प्रकाशकांना संगणकाने आपोआप तयार केलेले 120 हून अधिक अर्थशून्य निबंध मागे घ्यावे लागले आणि ते संगणकशास्त्र व अभियांत्रिकीच्या परिषदांतले होते. पण आपल्या दृष्टीने या कथांचा बोध वेगळाच आहे. सोकलला गोत्यात आणले ते त्याच्या कबुलीने. त्याने तोंड मिटून ठेवले असते, तर आज त्याच्या निबंधाला कोणीतरी आदराने ‘सीमा ओलांडणारा’ म्हटले असते. तुम्ही कबुली देऊ नका. आणि तुम्ही मनापासून लिहिलेले असेल, तर कबुली देण्यासारखे तुमच्याजवळ काही नसणार, ही आणखी मोठी सोय.

एवढे सगळे पाळूनही अधूनमधून तुम्हाला खरोखर काहीतरी शोधून काढण्याची इच्छा होईल. ती दाबता आली नाही, तर जर्मन कलाकार हान्स हाके याचे काय झाले ते आठवावे. कला आणि सामाजिक शास्त्र यांचा संगम त्याने अक्षरशः करून दाखवला. न्यूयॉर्कच्या सरकारी नोंदी चाळून त्याने मॅनहॅटनमधील एका घरमालकाच्या आणि त्याच्या गोतावळ्याच्या मिळकती हुडकल्या, बहुतेक गरीब वस्त्यांतल्या. प्रत्येक इमारतीचे छायाचित्र, पत्ता, मालकी कोणत्या कंपनीच्या नावे, गहाण किती, खरेदी कधीची, हे सारे टंकलिखित करून त्याने भिंतीवर लावण्यासाठी तयार केले. त्यात एकही विशेषण नव्हते. कोणालाही कचेरीत जाऊन पडताळून पाहता येईल, असेच सर्व काही होते. 1971 मध्ये गुगेनहाइम संग्रहालयाने त्याचे प्रदर्शन उद्घाटनाच्या काही आठवडे आधी रद्द केले आणि त्याची बाजू घेणाऱ्या अभिरक्षकाला (क्युरेटरला) नोकरीवरून काढले.

तीच कलाकृती आज मोठमोठ्या संग्रहालयांच्या संग्रहांत आहे आणि संस्थात्मक चिकित्सेचा, म्हणजे कलासंस्थांचीच उलटतपासणी करणाऱ्या कलेचा, मानबिंदू म्हणून तिच्यावर भरपूर लिहिले जाते. त्यात तुम्हीही भर घालावी. इमारतींच्या अवकाशीयतेवर लिहा, छायाचित्रांच्या कोरडेपणातील प्रतिकारावर लिहा, अभिलेखाच्या हिंसेवर तर अवश्य लिहा; मात्र आज, तुमच्या आसपास, तशा इमारती कोणाच्या नावावर आहेत हे पाहण्यासाठी कचेरीत जाऊ नका.