गिधाडं कुठे गेली?

आमच्या घरात टीव्हीशेजारी एक फोटो आहे, 1998 सालचा. ओंडक्यासारख्या दिसणाऱ्या होडीत एकामागे एक बसलेली माणसं पन्नासेक फुटांवरून पाण्यात कोसळताहेत. त्यातला दुसरा मी. पोटाशी कॅमेऱ्याची बॅग, बॅग प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. माझ्या मागे बायको, डोळे गच्च मिटलेले. लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते. हा फोटो पाहून पाहुणे विचारतात, "कुठला?" मी सांगतो, "डिस्नीलँड, अ‍ॅनाहाइम. स्प्लॅश माउंटन. आता नाहीये ते." शेवटचं वाक्य मी गावच्या पडलेल्या वाड्याबद्दल बोलावं तशा सुरात म्हणतो. बायको तोवर चहा टाकायला आत गेलेली असते.

यंदा आई साताऱ्याहून आली. वय बहात्तर, गुडघे तिच्या म्हणण्यानुसार नव्वदीचे. तिला डिस्नीलँड दाखवायचं ठरलं आणि माझ्या डोक्यात आलं, त्याच जागी, त्याच पोझमध्ये तोच फोटो पुन्हा काढायचा. तेव्हाचा टी-शर्टही मी माळ्यावरून शोधून काढला. तो छातीपर्यंत आला आणि तिथे थांबला.

"माणशी तिकीट किती?" आईने गाडीत विचारलं.

मी विषय बदलायचा म्हणून सांगितलं, की 1955 मध्ये हे सुरू झालं तेव्हा आत जायला फक्त 1 डॉलर पडायचा.

"आणि आता?"

लेक मागून म्हणाली, "आजी, गर्दीच्या दिवशी 200 च्या वर."

आईने खिडकीबाहेर बघत हिशेब केला. "सतरा हजार. माझा अख्खा ओटा झाला असता एका तिकिटात." मग आठवून, "झालाच."

ओट्याचा विषय निघाला की मी गप्प होतो. का, ते पुढे येईल.

आत शिरल्याबरोबर मेन स्ट्रीट लागतो. दुतर्फा टुमदार दुकानं, घोड्याची ट्राम. वॉल्ट डिस्नीचं बालपण मिझुरीतल्या मार्सलीन नावाच्या छोट्या गावात गेलं, त्या आठवणीवरून हा रस्ता बेतलेला आहे. म्हणजे 1955 साली उघडलेली ही जागा पहिल्या दिवसापासूनच 1900 च्या आसपासच्या आठवणीत रमलेली होती. वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे बांधलेत, म्हणजे इमारती उंच वाटतात. लहानपणीचं घर आठवणीत मोठं असतं आणि प्रत्यक्षात जाऊन पाहिलं की ठेंगणं निघतं. डिस्नीने त्याच्या उलट करून पैसे मिळवले.

डिस्नीलँडच्या सत्तरीनिमित्त तिथल्या ऑपेरा हाउसमध्ये आता खुद्द वॉल्ट डिस्नीचा हलता-बोलता यांत्रिक पुतळा उभा केलाय. त्याच्या एका नातीने या प्रकाराला जाहीर विरोध केला होता. आम्ही जाऊन बसलो.

"हा कोण?" आई कुजबुजली.

"ज्याने हे सगळं बांधलं, तो."

"आहे अजून?"

"नाही गं, 1966 मध्ये गेला."

"मग उठवलाय कशाला बिचाऱ्याला?"

पुतळा उठून उभा राहिला आणि बोलू लागला. आईने सवयीने पदर सारखा करायला हात नेला. पंजाबी ड्रेस आहे हे लक्षात आल्यावर ओढणी सारखी केली. वडीलधारं माणूस समोर आल्यावर आणखी काय करणार?

तिथून पुढे माझा ताबा माझ्याकडे राहिला नाही. मी गाईड झालो. मात्र जे आहे ते दाखवणारा नव्हे, जे नाही ते दाखवणारा. "इथे वरून पाळणे जायचे, 1994 ला बंद केले." "हा रिकामा रूळ बघ, यावरून पीपलमूव्हर नावाची गाडी हळूहळू फिरायची, 1967 ते 95. मग 98 मध्ये रॉकेट रॉड्स आणले, ते दोन वर्षांत गुंडाळले. रूळ तेवढा राहिला." आई मान वर करून रिकामा रूळ बघायची. लेकीने विचारलं, "बाबा, पण तू तर 97 मध्ये अमेरिकेत आलास. पीपलमूव्हरमध्ये बसलास कधी?"

बसलो नव्हतो. पाळण्यांतही नाही. ज्यात मी कधी बसलोच नाही, त्याच्याही आठवणीने माझा गळा दाटून येतो, आणि याला घरात कोणी कला समजत नाही.

हा रूळ ज्या भागात आहे त्याचं नाव टुमॉरोलँड, म्हणजे उद्याचा प्रदेश. 1955 मध्ये उघडलं तेव्हा त्यात 1986 साल दाखवलं होतं. त्या वर्षी मी साताऱ्यात रॉकेलच्या रांगेत होतो.

रांगेवरून आठवलं. आता रांग फोनमध्ये असते. ज्यादा पैसे भरून लायटनिंग लेन, म्हणजे लवकर आत सोडणारी वेगळी रांग, घ्यायची, अमुक वाजताची वेळ पकडायची, ती वापरली की पुढची पकडायची. चौघांचं हे खातं मी माझ्याच फोनवर घेतलं होतं, कारण घरातल्या कर्त्या पुरुषाने ते घ्यायचं असतं. दुपारी एक वाजता त्या फोनची बॅटरी 11 टक्क्यांवर आली, कारण सकाळपासून मी आईला त्यावर काय काय पाडलं त्याचे जुने फोटो दाखवत होतो. चार्जर गाडीत. गाडी पार्किंगच्या ज्या मजल्यावर, त्याचा आकडा लिहिलेला फोटो फोनमध्ये.

"कागदी फास्टपास होता ते बरं होतं," मी म्हणालो. "यंत्रात तिकीट घालायचं, चिठ्ठी यायची, खिशात टाकायची. बॅटरी नको, काही नको." पाकिटातून मी 2003 सालची एक न वापरलेली चिठ्ठी काढूनही दाखवली. छपाई उडून गेल्यामुळे ती आता बसच्या तिकिटासारखी दिसते.

बायको म्हणाली, "1999 ला हे फास्टपास सुरू झाले तेव्हा तू काय म्हणाला होतास सांगू? म्हणालास, यांनी रांगेतली मजा घालवली."

पंचवीस वर्षांपूर्वी आपण काय बोललो ते तारीखवार लक्षात ठेवणारं माणूस घरात असेल, तर जुन्या दिवसांची हुरहुर लावून घेणं फार अवघड जातं.

शेवटी लेकीने स्वतःच्या फोनवर खातं घेऊन दोन मिनिटांत सगळं मार्गी लावलं. पण स्प्लॅश माउंटनच्या जागी आता जी राईड आहे, तिच्यासाठी मी साधी रांगच धरायची म्हणून हट्ट केला. 98 ला आम्ही साध्या रांगेत उभे होतो, म्हणून.

थोडं सांगायला हवं. स्प्लॅश माउंटन 1989 मध्ये सुरू झालं. त्यातला ससा, कोल्हा आणि अस्वल 1946 सालच्या एका चित्रपटातले. गुलामगिरीनंतरच्या दक्षिण अमेरिकी राज्यांतलं, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं, कृष्णवर्णीयांचं जिणं त्यात गोडगुलाबी करून दाखवलंय, अशी टीका सुरुवातीपासून होती. खुद्द कंपनीने तो चित्रपट अमेरिकेत कधी घरगुती व्हिडिओवरही आणला नाही. 2020 मध्ये बदलाची घोषणा झाली, 2023 च्या मे महिन्यात ही राईड बंद झाली आणि 2024 च्या नोव्हेंबरात तिथे टियाना आली. न्यू ऑर्लिन्सची ही राजकन्या 2009 च्या चित्रपटातली. डोंगर तोच, उतार तोच, पाणीही तसंच, आतली मंडळी नवी. कारण मला पटलेलं आहे. लेकीशी वाद घालताना मी नेहमी आधी हेच सांगतो की कारण पटलंय. मग म्हणतो, "पण गिधाडं ठेवायला काय हरकत होती?"

शेवटच्या चढावर, अंधारात, डोक्यावर दोन गिधाडं बसलेली असायची आणि वर चढणाऱ्याला टोमणे मारायची. त्यांनी पोटात गोळा आणला की मग पुढचं कोसळणं. तसल्या टोमण्यांची मला आमच्या मोठ्या काकांपासून सवय असल्यामुळे तो भाग फार जवळचा वाटायचा.

प्रेम करणारा मी एकटा नव्हे बरं. फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमधलं स्प्लॅश माउंटन बंद झालं तेव्हा लोकांनी तिथलं पाणी बरण्यांत भरून इंटरनेटवर विकायला काढलं होतं. मी हे आईला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "आपल्या देवघरात गंगेचा गडू आहे, तुझ्या आजोबांनी काशीहून आणलेला," ती म्हणाली. "त्यात काय हसायचंय? पण तो आम्ही विकत नाही."

रांगेत आमच्या पुढे एक अमेरिकन आजोबा होते. टोपीवर, गळ्यातल्या पट्ट्यावर, जाकिटावर सगळीकडे डिस्नीच्या पिना. पोळ्याचा बैल त्यांच्यापुढे साधा वाटला असता. समदुःखी भेटला म्हणून मी स्प्लॅश माउंटनचा विषय काढला. ते दयेने माझ्याकडे बघत म्हणाले, खरं डिस्नीलँड 1982 लाच संपलं. तोवर तिकिटांची पुस्तकं असायची, ए ते ई. ए म्हणजे किरकोळ, ई म्हणजे सगळ्यात भारी. ई संपायची आणि ए उरायची. घरी ड्रॉवरमध्ये अजून पडल्यात म्हणाले. मग एकच तिकीट सगळ्याला चालू लागलं आणि मजा गेली.

"आणि स्प्लॅश माउंटन?" मी विचारलं.

"ते?" ते म्हणाले. "ते तर नवीनच. त्यातले बरेचसे प्राणी जुनेच होते, अमेरिका सिंग्जमधले."

मग कळलं ते असं. टुमॉरोलँडमध्ये 1974 पासून गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांचा एक कार्यक्रम होता. 1988 मध्ये तो बंद केला आणि त्यातले बरेच प्राणी उचलून स्प्लॅश माउंटनमध्ये बसवले. आणि हा कार्यक्रम तरी कुठे चालायचा? त्याआधीचा, प्रगतीची महती सांगणारा कार्यक्रम फ्लोरिडाला हलवून रिकाम्या झालेल्या गोल नाट्यगृहात. आजोबांना त्या गाणाऱ्या प्राण्यांचं फार वाईट वाटलेलं होतं. पहिली तीन वर्षं ते स्प्लॅश माउंटनमध्ये पाऊलसुद्धा ठेवायला गेले नाहीत. निषेध.

"काय म्हणतायत ते?" आईने विचारलं. मी भाषांतर केलं.

"म्हणजे जुन्या वाड्याच्या तुळया काढून नव्या घराला लावल्या," आई म्हणाली. "आणि तू तुळयांसाठी रडतोयस की घरासाठी?"

मी म्हटलं, तो प्रश्नच नाही. माझ्या लक्षात आलं होतं, की मी जिला परंपरा म्हणत होतो ती 1998 मध्ये मोजून नऊ वर्षांची होती. आमच्या घरचा मिक्सर त्याहून जुना आहे.

पण आई सुरू झाली होती. रांग पाऊण तासाची, पळायला जागा नाही.

"ओटा बदलला तेव्हा आठ दिवस धड बोलला नाहीस फोनवर."

"आई, तो कडप्पा आजीच्या वेळचा होता."

"हो ना. सिंकपाशी तडा गेलेला. त्यात पाणी मुरून झुरळं व्हायची. आजीची उंची चार फूट दहा इंच, तिच्या मापाने घातलेला ओटा. चाळीस वर्षं वाकून भाकऱ्या थापल्या मी त्याच्यावर. तू किती थापल्यास?"

"तसं नाही, पण घरात शिरल्यावर ते काळं..."

"वर्षातून पंधरा दिवस येतोस. चहा पितोस, ओट्याला टेकून उभा राहतोस, 'काही बदलू नका' म्हणतोस आणि विमानात बसतोस. माझं स्वयंपाकघर आहे ते. याच्यासारखं तिकीट लावू का दारात?"

लेकीला मराठी नीट येत नाही अशी तिची स्वतःची तक्रार असते. पण हे तिला शब्दन् शब्द कळलं, कारण ती कठड्याला धरून हसत होती. पिनावाल्या आजोबांनी काय झालं म्हणून विचारलं. किचन प्लॅटफॉर्मचं भाषांतर करण्याची माझी इच्छा नव्हती.

होडी आली. एकामागे एक बसायचं. आई म्हणाली, मी पुढे. मी म्हटलं, भिजशील, गुडघे, उतार... ती म्हणाली, "पालच्या खंडोबाच्या जत्रेत लाकडी पाळण्यात बसलेली बाई आहे मी. तो पाळणा चार माणसं हाताने फिरवायची. ब्रेक म्हणून पाचवा माणूस लटकायचा." आई, लेक, बायको आणि शेवटी मी, अशी आमची वरात निघाली.

खरं सांगतो, नवी राईड देखणी आहे. टियाना तर इतकी हुबेहूब मान वळवते की आईने तिला नमस्कार केला. ट्रम्पेट वाजवणारी मगर आहे, वाद्यं घेतलेले प्राणी आहेत, गाणी झकास आहेत. भीती मात्र कुठे नाही. सगळेजण आपल्याला पार्टीला बोलावतात, आणि पार्टीला बोलावून पन्नास फुटांवरून ढकलायचं हे माझ्या संस्कारांत बसत नाही. ढकलायचंच तर आधी दोन टोमणे तरी मारावेत.

शेवटचा चढ आला. तोच खडखड आवाज, तोच थंड ओला वास. माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडलो, "आई! वर बघ! इथे, बरोब्बर इथे दोन गिधाडं..."

बाहेर पडल्यावर पडद्यावर फोटो दिसला. आई सगळ्यांत पुढे, दोन्ही हात वर, ओढणी मागे उडालेली, तोंडभर हसतेय. लेक किंचाळतेय. बायकोचे डोळे या खेपेला सताड उघडे. आणि शेवटी मी. होडी खाली कोसळतेय, सगळं जग समोर बघतंय, आणि मी मान मागे वळवून, तोंड वासून, एक बोट वर करून छताकडे काहीतरी दाखवतोय. तिथे काहीही नाही.

"कुणाला काय दाखवतोयस रे?" आईने डोळे बारीक करून विचारलं.

मी तो फोटो घ्यायचा नाही असं ठरवलं. लेकीने फोनवर घेतला आणि आजी निघायच्या आदल्या दिवशी मोठा प्रिंट काढून आणला. साताऱ्याला ग्रॅनाइटच्या ओट्यावर, मसाल्याच्या फळीशेजारी लावलाय म्हणे. भाऊ फोनवर सांगत होता, घरात येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, मागे तो बोट दाखवणारा कोण?